सहदेव घाडीचे नऊ बोके

सहदेव घाडीच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, वडिलांचा, आणि त्यात वडिलांच्या डाव्या खांद्यावर गिरणीचा शिक्का आहे. राजाराम घाडी गेले तेव्हा घर उलथंपालथं करूनही त्यांचा एक धड फोटो सापडला नव्हता. लग्नातला होता, पण त्यात नवरदेव मुंडावळ्यांमागे गडप झालेला. शेवटी गिरणीच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. शिक्का पुसून देऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हा सहदेवच्या आईने, सुंदराबाईंनीच, नको म्हणून सांगितलं. गिरणी जन्मभर त्यांच्या खांद्यावर बसली होती, आता मेल्यावर तिला कशाला उठवायची, असं त्यांचं म्हणणं.

तर तीन वर्षांपूर्वी सुंदराबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, जग पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं, आणि स्वच्छ दिसायला लागल्यावर माणसाला नको ते दिसतं तसं त्यांना त्या फोटोशेजारची रिकामी जागा दिसली. त्यांनी मुलाला बोलावलं.

"माझ्या मागसून हय कसलो फोटो लावतलस, ता माका बघूचा आसा," त्या म्हणाल्या. "शिक्क्याचो नको."

मागणी एवढीच. कुठल्याही घरात दहा मिनिटांत उरकली असती. पण हे घर सहदेवचं होतं.

सहदेव अंधेरीच्या एमआयडीसीत एका रबराच्या कारखान्यात स्टोअरकीपर. सत्तावीस वर्षं नोकरी, आणि सत्तावीस वर्षांत तपासल्याशिवाय एक वॉशर त्याने आत घेतलेला नाही. लेबल बघायचं, बॅच नंबर बघायचा, तारीख बघायची, मग सही. ही सवय अंगात इतकी भिनलेली की घरी दुधाची पिशवीसुद्धा तो आधी वाचतो. मालनला बघायला गेला होता तेव्हा पोहे कसे झालेत याबद्दल चकार शब्द काढला नाही. शाळा सोडल्याचा दाखला मात्र खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघितला. मालन अजून ते विसरलेली नाही, आणि विसरणारही नाही.

घर कांजूरमार्गला, तळमजल्यावर. खिडकीतून हात बाहेर काढला की पलीकडच्या इमारतीच्या भिंतीला लागतो. भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. अशा घरात मोबाइलवर आईचा फोटो काढला तर तो रवा सांडल्यासारखा आला. फ्लॅश मारला तर सुंदराबाई डोळे गच्च मिटून घ्यायच्या, ऑपरेशनपासून त्यांना झोत सोसवत नव्हता. मालनने तेव्हाच तोडगा सांगितला होता. म्हणाली, आईंना संध्याकाळी पाच वाजता गेटाजवळ खुर्ची टाकून बसवा, तिथे छान उजेड असतो, आणि काढा. सहदेवने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी तो लेबल फाटलेल्या खोक्याकडे बघतो. उजेडात काय, कोणीही काढेल, म्हणाला.

झालं. माणूस एकदा कोणीही काढेल म्हणाला की त्याची वाट लागली असं समजावं.

कारखान्यातल्या एका साहेबाने नवा कॅमेरा घेतला होता, त्याचा जुना सहदेवने घेतला. त्याच्यासोबत आलेली प्लॅस्टिकची लेन्स अंधाराला पुरेना. अंधारात चालणाऱ्या नव्या लेन्सची किंमत ऐकून तो दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरला. तेव्हा कुणीतरी त्याला मानखुर्दच्या धाकूचा पत्ता दिला. धाकू जुने कॅमेरे दुरुस्त करायचा. एका खोलीत चार कपाटं, आणि कपाटांत साठ-सत्तर सालातल्या लेन्स, रशियन, जपानी, जर्मन. त्याने सहदेवला स्टुलावर बसवून दीक्षा दिली. ह्या लेन्स स्वस्त, कारण ह्यांच्यात मोटर नाही, फोकस आपल्या हाताने कडी फिरवून करायचा. पण काच अस्सल. आणि आकडा बघायचा. आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, तितका उजेड जास्त आत. दोन चांगला, एक पॉइंट चार त्याहून चांगला, एक पॉइंट दोन म्हणजे विषय संपला. कमी आकडा म्हणजे जास्त माल, हे गणित स्टोअरकीपरला नवीन होतं, पण गोडी लागायला वेळ लागला नाही.

पहिली आणली ती रशियन. खलबत्त्यातल्या बत्त्याएवढी जड, कडी फिरवली की जुन्या ग्रीसचा वास. सहदेवने आईला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. आता माल आत घ्यायचा म्हणजे तपासणी आली, आणि लेन्स खणखणीत आहे की नाही हे तपासायला बारीक अक्षरं लागतात. म्हातारीच्या तोंडावर अक्षरं कुठली असायला? म्हणून त्याने तिच्या हातात तूरडाळीचं पाकीट दिलं आणि छातीशी धरायला सांगितलं. मग डोळा कॅमेऱ्याला लावून, श्वास रोखून, कडी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

"आई, हलू नको."

सुंदराबाई हलल्या नाहीत. पाच मिनिटं पाकीट धरून बसल्या. फोटो निघाला. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर पाकिटावरची पॅकिंगची तारीख, वजन, तक्रारीसाठीचा फोन नंबर, सगळं लख्ख. लेन्सचं भोक सताड उघडलं की बोटभर जाडीचंच काय ते स्वच्छ येतं, पुढचं-मागचं सगळं विरघळतं. पाकीट पुढे होतं. मागे सुंदराबाई विरघळल्या होत्या. सहदेव खूश झाला. फक्त पाकिटाच्या कोपऱ्यावरची अक्षरं किंचित पसरत होती, तेवढ्यासाठी ही लेन्स नापास, फोटो पुढच्या लेन्सने काढू, असं त्याने ठरवलं.

पुढची जपानी. तिच्या आत बुरशी निघाली. मालनने ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. बुरशी आलेलं लोणचं आपण फेकतो आणि हे माणूस बुरशी विकत आणतं, असं ती शेजारी सांगत सुटली. तिसऱ्या लेन्सची काच वयाने पिवळी पडलेली. धाकूने सांगितलं, उन्हात ठेवा, पिवळेपणा उतरतो. मग सहदेव रोज सकाळी गच्चीवर मालनच्या आमसुलांच्या शेजारी ती लेन्स मांडून यायचा आणि मालनला बजावायचा की कावळ्याकडे लक्ष ठेव. कावळ्याची काळजी आमसुलांसाठी की लेन्ससाठी, ते विचारू नका. पंधरा दिवसांत पिवळेपणा खरंच उतरला. चौथीची भोक लहान-मोठं करणारी पाती आतून तेलकट होऊन चिकटली होती. पाचवी पहिलीचीच बहीण, पण तिच्यावर कोरलेला नंबर जुना म्हणून घेतली. अशा करत करत अडीच वर्षांत नऊ झाल्या, आणि नऊंत मिळून किती पैसे घातले हे सहदेवने स्वतःलाही कधी विचारलं नाही. आणि प्रत्येक वेळी स्टूल, खिडकी, डाळीचं पाकीट आणि हलू नको. पाकीट मात्र मालन बदलायची, कारण आधीचं शिजवायला लागायचं.

नववी आली तेव्हाच बोक्यांचं प्रकरण झालं. लेन्सवाल्या मंडळींत एक शब्द फार चालतो. चित्राच्या मागचा भाग विरघळून दिवे-बिवे मऊ गोल होतात, त्याला हे लोक बोके म्हणतात. शब्द जपानी आहे म्हणे. पण कांजूरमार्गला जपानी कोणाला येतं? तळमजल्यावर घरात रेंज येत नाही म्हणून सहदेव जिन्यात उभा राहून धाकूशी फोनवर बोलायचा, आणि मोठ्याने बोलायचा. रशियन बोके जरा गरगरतात. जर्मन बोके शांत असतात. माझ्याकडचे बोके रात्री बघायला या. हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या नितेशने ऐकलं, आणि नितेश सोसायटीचा सेक्रेटरी. तेव्हा जिन्यात मांजरांनी घाण करण्याचा विषय गाजत होताच. तिसऱ्या दिवशी नोटीस आली की आपल्या सदनिकेत विनापरवाना बोके पाळले जात असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी बोक्यांची संख्या व जात सात दिवसांत लेखी कळवावी.

दुसऱ्या कोणी हसून नोटीस फाडली असती. सहदेवने लेखी उत्तर दिलं. बोके हा प्राणी नसून काचेचा गुण आहे, तो पाळता येत नाही, लेन्सबरोबर येतो, आणि सध्या माझ्याकडे नऊ प्रकारचे आहेत. ह्या नऊ आकड्याने कमिटी हादरली. सभेत एकाने बोक्यांना पाणी कुठल्या टाकीतून जातं असं विचारलं. शेवटी नितेश आणि आणखी दोघे रविवारी सकाळी तपासणीला आले. पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरीत पाहिलं, तांदळाच्या डब्यात हात घातला तर आत ओल लागू नये म्हणून ठेवलेल्या दोन लेन्स. सुंदराबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. नितेशने त्यांना आदराने विचारलं की आजी, बोके कुठे ठेवलेत.

"बोके खंय रे?" त्या म्हणाल्या. "माका एकव दिसना नाय."

सगळे हसले. सहदेवही हसला. नितेशने वहीत लिहून घेतलं की बोके दिसून आले नाहीत, आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

त्या सुमारास सुंदराबाईंनी एक नवीन पालुपद धरलं. घरात उजेड कमी झालाय. आधी कधीमधी म्हणायच्या, मग रोजच म्हणायला लागल्या. ट्यूब बदल म्हणाल्या, मालनने बदलली. तरी तेच. आता दुसरं काही म्हणाल्या असत्या, गुडघा दुखतो, भूक लागत नाही, तर सहदेवने ते मालनवर ढकललं असतं. पण उजेड हा त्याचा विषय. त्याने मोबाइलवरचा उजेड मोजायचा मीटर काढला, आईच्या स्टुलाजवळ धरला, आणि वहीतली जुनी नोंद काढून तिला दाखवली. मागच्या वर्षी जेवढा उजेड होता तेवढाच आज आहे, रतीभर कमी नाही. तू उगाच म्हणतेस, असं त्याने तिला समजावलं. मीटरपुढे कोण बोलणार!

पण उगाच म्हणतेस असं सांगूनही त्याच्या डोक्यात किडा वळवळलाच. आईला उजेड कमी वाटतो म्हणजे लेन्स अजून उघडी हवी. एक पॉइंट दोन. धाकूकडे एक येणार होती. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरणीने बजावलं होतं की दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा. पहिल्यांदा नेलं होतं. मग रविवार मानखुर्दला जायला लागले. मालन आठवण करून द्यायची, तो पुढच्या रविवारी म्हणायचा, आणि पुढच्या रविवारी धाकू एखादी लेन्स उघडून ठेवायचा. मालनने एकटीने न्यायचं ठरवलं तर हा म्हणाला, रिपोर्ट मी बघितल्याशिवाय नको, तुला त्यातलं कळणार नाही. तपासल्याशिवाय सही नाही ना!

एक पॉइंट दोन आली. काय वर्णावी! पुढची काच भाकरीच्या गोळ्याएवढी, त्यात अख्खी खिडकी दिसायची. सहदेव पेढे घेऊन आला. त्या दिवशी त्याने ठरवलं की आता तपासणी-बिपासणी बस्स, आज भिंतीवरचा फोटो. पण एक बाजू बघायची राहिली होती. आजवर आईला समोरून बसवलं, उजवीकडून उजेड कसा पडतो हे बघितलंच नव्हतं. तो पाऊल न वाजवता तिच्या उजव्या अंगाला गेला, हातभर अंतरावर उकिडवा बसला आणि कडी फिरवायला लागला. सुंदराबाई पाकीट धरून समोर बघत होत्या. चेहरा मोकळा, कॅमेऱ्याची जाणीवच नाही. तीन वर्षांत असा भाव मिळाला नव्हता. त्याने एक काढला, दुसरा काढला. मनात म्हणाला, झकास.

मग सुंदराबाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "मालन, सहदेव खंय गेलो? माका बसवन गेलो तो इलोच नाय."

सहदेव तिथेच होता. हात लांब केला असता तर तिच्या गालाला लागला असता. त्याने हात लांब केला, तिच्या उजव्या डोळ्यासमोर बोटं हलवली. पापणी लवली नाही. मालन पातेलं घेऊन दारात आली होती, तिने ते पाहिलं. एवढी मोठी काच त्याच्या हातात, आणि तिच्यात आईचा डोळा दिसत होता आणि आईला सहदेव दिसत नव्हता.

डॉक्टरणीने अर्धा तास तपासलं. काचबिंदू. हा आवाज करत नाही, दुखत नाही, कडेकडेने खात आत येतो. उजवा डोळा गेलेला होता. डाव्यातलं मधलं तेवढं शिल्लक, नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही, थेंब रोज टाकले तर राहिलेलं राहील. मग तिने विचारलं, साधंच विचारलं, की ह्या घरात कधी म्हणत नव्हत्या का, अंधार वाटतो, उजेड कमी झालाय.

"म्हणत होती," सहदेव म्हणाला. "मी मीटर लावून बघितला होता."

डॉक्टरणीला वाटलं, माणूस धक्क्याने काहीतरी बरळतोय. मालनला सगळं कळत होतं, आणि तोंडाने एरवी फटकळ असलेली मालन त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. सहदेवला तेच जास्त लागलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. तीन वर्षांत त्याने काही पुसलं नव्हतं, स्टोअरकीपर काही फेकत नाही. आईचे चौदाशे त्रेसष्ट फोटो निघाले. त्यातला एक, एकच, भिंतीवर लावण्याजोगा असेल म्हणून तो एकेक उघडत गेला. तूरडाळ, अमुक तारखेची. तूरडाळ, तमुक तारखेची. मसूर, एकदा पाकीट संपलं होतं तेव्हा. उजव्या अंगाने काढलेले शेवटचे दोन मात्र त्याला उघडवले नाहीत. प्रत्येकावर अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आणि प्रत्येकाच्या मागे एक पांढरट, मऊ, गोल काहीतरी. बोके. दीड हजार वेळा ही बाई त्याच्यासमोर हलली नाही, आणि त्याने दीड हजार वेळा डाळ बघितली. सहदेवला रडू आलं. लाजही वाटली, आणि लाज रडण्यापेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. पाच वाजता मालनने गेटाजवळ खुर्ची टाकली, आईंना नेसवून, अंबाडा नीट घालून आणून बसवलं. त्या नऊ आणि दहावी एक पॉइंट दोन, यांतली एकही लेन्स सहदेवने बाहेर आणली नव्हती. कॅमेऱ्यासोबत फुकट आलेली ती प्लॅस्टिकची लावली होती, जिला फोकस आपला आपण करता येतो. नितेश ऑफिसातून येत होता, तो स्कूटर बंद करून बाजूला उभा राहिला, बोक्यांचं जुनं पाप आठवलं असावं. सुंदराबाईंनी सवयीने दोन्ही हात पुढे केले, पाकीट घ्यायला. मालनने ते हात हलकेच खाली मांडीवर ठेवले. सहदेवने बटण दाबलं. टिक झालं.

"इतक्यात झालो?" सुंदराबाईंनी विचारलं.

झाला, तो म्हणाला.

मानखुर्दला फोन करून त्याने धाकूला सांगितलं की एक पॉइंट दोन परत घे. धाकूने विचारलं, काय, बोके पसंत पडले नाहीत? सहदेवने फोन ठेवला.

फोटो वडिलांच्या फोटोच्या मापाने करून आणला, तशीच काळी चौकट. मालनने आधी बघितला आणि डोळ्याला पदर लावला. मग सहदेवने तो आईसमोर धरला. ती खिडकीपाशी स्टुलावर, तो समोर उभा, तीन वर्षं ती जशी पाकीट धरून बसायची तसा. सुंदराबाईंनी मान तिरकी केली, डावा डोळा पुढे आणला. काही सापडेना.

"वायच मागे घे," त्या म्हणाल्या.

त्याने मागे घेतला. फार मागे गेला. पुढे घे म्हणाल्या. पुढे घेतला. पुन्हा केसभर मागे. असं पुढे-मागे करता करता त्यांना आधी पदराचा काठ सापडला, मग कानातली कुडी, मग हळूहळू वर सरकत नाक. त्यांच्या त्या एवढ्याशा नळीत चेहरा तुकड्या-तुकड्याने येत होता आणि त्या एकेक तुकडा नीट तपासून पुढे जात होत्या. लेबल, बॅच, तारीख. मुलाने हे कुठून उचललं ते तेव्हा कळलं असतं, कोणी बघत असतं तर. स्वयंपाकघरात मालनने चहाखालचा गॅस बारीक केला. सहदेवचे हात भरून आले, चौकट थरथरायला लागली, आणि सुंदराबाई तेव्हा नेमक्या स्वतःच्या डोळ्यांपाशी पोचल्या होत्या.

"हालू नको," त्या म्हणाल्या.

सहदेव हलला नाही.